मिथिलाची कैफियत : प्रस्तावना

कार्बनी रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मिथिल गटाला स्वतंत्र प्रकरण देण्याची वहिवाट नाही. अल्कोहॉले, आल्डिहाइडे, अम्ले, अमाइने यांना एकेक प्रकरण मिळते, बेंझिनाला तर दोन-दोन मिळतात. परंतु एका कार्बन अणूला तीन हायड्रोजन जडून झालेला आणि चौथ्या बंधाने दुसऱ्या कोणाला तरी धरून राहिलेला हा चिमुकला गट संरचनासूत्राच्या कडेला एका आखूड रेघेच्या रूपाने उभा असतो, आणि ती रेघ जेथे संपते तेथे मिथिल आहे हे वाचकाने आपले आपण समजून घ्यावे अशी लेखकाची अपेक्षा असते. त्यामुळे विक्रिया घडविणारे गट निराळे आणि मिथिल म्हणजे केवळ जागा अडविणारा भाग, असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो. हा ग्रह सर्वस्वी खोटा नाही आणि म्हणूनच तो दूर करणे अवघड आहे. खरोखरच, एकट्या मिथिलाची परीक्षा केली तर तो मंद, तटस्थ आणि जवळजवळ निर्गुण ठरतो. त्याचे गुण त्याच्यात शोधू नयेत. तो कोणाच्या पदरी आहे, कोणत्या जागी आहे आणि कोणाकडून कोणाकडे जातो यात ते शोधावेत, एवढेच या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे आणि त्याच्या पुराव्यादाखल पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

प्रथम त्याची आकृती. कार्बनाचे चार बंध अवकाशात एका चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी १८७४ साली, परस्परांशी काहीही सल्लामसलत न करता, प्रतिपादन केले. त्या चौकटीत मिथिलाचे तीन हायड्रोजन तीन कोपरे धरून राहतात, दोन बंधांमधील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो, आणि हायड्रोजनाचे वजन एक धरले असता सबंध गटाचे वजन अवघे १५ भरते. कार्बन आणि हायड्रोजन यांची इलेक्ट्रॉन ओढण्याची शक्ती जवळजवळ सारखी असल्यामुळे या बंधांना धन आणि ऋण अशी ठळक टोके नसतात. म्हणून पाणी मिथिलाला जवळ करीत नाही, साधी अम्ले व अल्के त्याचे काही बिघडवू शकत नाहीत, आणि सामान्य तपमानाला तो आपल्या एकुलत्या बंधाभोवती अव्याहत फिरत राहतो. एथेनाच्या रेणूत दोन मिथिल एकमेकांना जोडलेले असतात. तेथे या भ्रमणाला होणारा अडथळा ग्रॅम-रेणूमागे सुमारे १२ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ नगण्य असतो. एवढ्यावर मिथिलाचे वर्णन संपते आणि त्याचा इतिहास सुरू होतो.

लाकूड बंद भांड्यात तापविले असता जो अर्क निघतो त्यात एक ज्वलनशील द्रव असतो, हे रॉबर्ट बॉइल याने १६६१ साली नोंदवून ठेवले होते. परंतु हा द्रव नेहमीच्या मद्यार्काचा भाऊबंद असूनही त्याहून भिन्न आहे, आणि त्याच्या रेणूत एक कार्बन कमी आहे, याचा निर्णय लागायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली. तो निर्णय १८३४-३५ साली पॅरिस येथे झां-बातिस्त द्यूमा आणि यूजेन पेलिगो यांनी दिला. त्यांनी या काष्ठमद्याचे संघटन ठरविले, त्यापासून नाना संयुगे तयार केली आणि या सर्व संयुगांच्या मुळाशी एकच लहान कार्बनयुक्त गट असून तोच एका संयुगातून दुसऱ्यात जातो असे मांडले. दोनच वर्षांपूर्वी लीबिख आणि व्होलर या जर्मन रसायनज्ञांनी बेंझॉइल या गटाविषयी अशीच उपपत्ती मांडली होती. त्यामुळे अकार्बनी रसायनात जसे मूलद्रव्य तसे कार्बनी रसायनात 'मूलक', असा विचार त्या पिढीच्या मनात पक्का बसला. मूलद्रव्य जर बाटलीत भरून दाखविता येते तर मूलक का येऊ नये, हा प्रश्न ओघानेच आला.

रॉबर्ट बुन्सेन याने कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त गटावर केलेले काम या प्रश्नातूनच उभे राहिले. कॅकोडिलात एका आर्सेनिकाला दोन मिथिल जोडलेले असतात; त्याची संयुगे अत्यंत दुर्गंधी, भयंकर विषारी आणि हवेत आपोआप पेट घेणारी. या संशोधनात झालेल्या एका स्फोटाने बुन्सेनचा एक डोळा निकामी झाला आणि आर्सेनिकाच्या विषाने तो मरता मरता वाचला. आजच्या प्रयोगशाळेतील काचेचे कपाट आणि वाफ ओढून नेणारा पंखा यांची किंमत ज्या विद्यार्थ्यांना वाटत नाही त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

पुढे १८४८-४९ च्या सुमारास हेर्मान कोल्बे याने असेटिक अम्लाच्या लवणाच्या विद्रावातून विद्युत्प्रवाह सोडून एक वायू मिळविला, एडवर्ड फ्रँकलंड याने अन्य मार्गाने तोच वायू मिळविला, आणि दोघांनीही मिथिल हाती लागला असे जाहीर केले. वास्तविक तो एथेन होता. मुक्त झालेले दोन मिथिल क्षणार्धात परस्परांना मिळाले होते. अणुभारांचा हिशेब त्या काळी निश्चित नसल्यामुळे ही गोष्ट ध्यानात यायला पंधरा वर्षे लागली. मँचेस्टर येथे काम करणाऱ्या कार्ल शोर्लेमर याने १८६४ साली 'द्विमिथिल' आणि 'एथिल हायड्राइड' हे दोन निराळे मानलेले वायू एकच आहेत असे सिद्ध केले, तेव्हा हा वाद मिटला. मिटला तो इतका की, मुक्त मिथिल अस्तित्वात असूच शकत नाही अशी उलट टोकाची समजूत सुशिक्षित रसायनज्ञांत रूढ झाली आणि ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. गोम्बर्ग याने १९०० साली तीन बेंझिन वलयांनी वेढलेला एक टिकाऊ मूलक दाखविला खरा. पण वलयांचा आधार नसलेल्या निव्वळ मिथिलाविषयी कोणी आशा धरीत नव्हते.

अशा वेळी १९२९ साली फ्रीड्रिख पानेट आणि विल्हेल्म होफेडिट्स यांनी बर्लिनमध्ये जो प्रयोग केला तो मी रसायनशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत देखण्या प्रयोगांपैकी एक मानतो, आणि म्हणून या पुस्तकात त्याला त्याच्या आकाराच्या मानाने अधिक पाने दिली आहेत. शिशाच्या एका अणूला चार मिथिल जोडलेले असे एक बाष्पनशील संयुग आहे. त्याची अल्पशी वाफ हायड्रोजनाच्या अतिविरल, पण वेगवान प्रवाहाबरोबर एका लांब नळीतून सोडली आणि नळी एका ठिकाणी बाहेरून तापविली, तर तेथे संयुगाचे विघटन होऊन काचेच्या आतल्या अंगावर शिशाचा लखलखीत आरसा जमतो. येथपर्यंत नवल काहीच नाही. आता तापविण्याची जागा बदलून ती प्रवाहाच्या उगमाकडे काही सेंटिमीटर मागे नेली की नव्या जागी नवा आरसा जमू लागतो, आणि त्याच वेळी पुढचा जुना आरसा, ज्याला आता कोणी उष्णता देत नाही, जो थंड आहे आणि ज्याला कोणी हात लावलेला नाही, तो पाहता पाहता विरळ होत नाहीसा होतो. विघटनातून सुटलेले मिथिल वायुप्रवाहाबरोबर पुढे वाहत गेले आणि त्यांनी आरशातील शिसे उचलून पुन्हा मूळचे संयुग बनविले, याखेरीज याचा दुसरा अर्थ लागत नाही. शिशाऐवजी जस्ताचा आरसा ठेवला तर जस्ताचे मिथिल-संयुग मिळते. दोन जागांमधील अंतर वाढवीत नेले की आरसा हळूहळू जातो आणि पुढे जातच नाही. त्या अंतरावरून व प्रवाहाच्या वेगावरून हिशेब करून मुक्त मिथिलाचे आयुष्य पानेट याने काढले. त्या परिस्थितीत निम्मे मिथिल सुमारे सहा सहस्रांश सेकंदात नष्ट होत होते. वस्तू डोळ्यांना दिसली नाही, बाटलीत भरता आली नाही, तरी तिच्या जाण्यायेण्याची वेळ मात्र मोजली गेली. हा मुक्त मिथिल चतुष्फलकाच्या कोपऱ्यासारखा उंच नसून सपाट असतो, हे पुढे गेर्हार्ड हेर्झबेर्ख याने वर्णपटावरून ठरविले. त्याला १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात मुक्त मूलकांवरील या कामाचा मोठा वाटा आहे.

इतिहास येथे सोडून मी मुख्य विषयाकडे वळतो. मिथिल कोणाला जोडला आहे यावर सर्व अवलंबून असते असे मी वर म्हटले. त्याचे सर्वांत क्रूर उदाहरण काष्ठमद्याचेच, म्हणजे मिथेनॉलाचे. हायड्रॉक्सिल गटाला मिथिल जोडला तर मिथेनॉल आणि एथिल जोडला तर पिण्याची दारू. दोन्ही रंगहीन, वास जवळजवळ सारखा, एक सुमारे ६५ अंशांना उकळते तर दुसरे ७८ अंशांना. शरीरात गेल्यावर दोन्हींवर यकृतातील एकच एंझाइम काम करते. एथिलाचे प्रथम असेटाल्डिहाइड आणि नंतर असेटिक अम्ल होते, ते शरीराच्या नित्याच्या व्यवहारात खपून जाते. मिथिलाचे मात्र फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अम्ल होते. हे फॉर्मिक अम्ल माणसाच्या शरीरातून फार सावकाश जाते, साचते, पेशींचे श्वसन रोखते आणि प्रथम दृष्टीचा मज्जातंतू मारते. मुंबईच्या मालाड भागातील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर चौकशी होते, चार अधिकारी निलंबित होतात, आणि औद्योगिक मिथेनॉलाच्या पिंपांचा हिशेब पुन्हा ढिला पडतो, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. वैद्यकीय उपाय मात्र शास्त्रदृष्ट्या मार्मिक आहे. ते एंझाइम एथिल अल्कोहॉलाला अधिक पसंत करीत असल्यामुळे, डॉक्टरांनी मापून दिलेले एथिल अल्कोहॉल एंझाइमाला गुंतवून ठेवते आणि मिथेनॉल रूपांतरित न होता हळूहळू बाहेर पडते. फोमेपिझोल हे औषधही त्याच एंझाइमाला रोखते.

याच्या नेमके उलट उदाहरण टोल्युइनाचे. बेंझिन शरीरात गेले असता यकृताला त्याच्या वलयावरच हात घालावा लागतो, त्यातून निर्माण होणारे पदार्थ अस्थिमज्जेला घातक ठरतात आणि रक्ताच्या कर्करोगापर्यंत मजल जाते. त्या वलयाला एक मिथिल जोडा की टोल्युइन होते, आणि यकृताला धरण्याजोगी दुसरी जागा मिळते. वलयाला धक्का न लावता ते मिथिलाचेच ऑक्सिडीकरण करते, त्यातून बेंझोइक अम्ल बनते, ते ग्लायसिनाशी जोडले जाऊन हिप्युरिक अम्लाच्या रूपाने मूत्रावाटे निघून जाते. टोल्युइन निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. रंगकामगारांना त्याचा त्रास पुष्कळ होतो. परंतु बेंझिनाचा विशिष्ट दोष त्यात नाही आणि तो नसण्याचे श्रेय त्या एका मिथिलाला आहे. प्रयोगशाळेतही तोच वलयाचा स्वभाव बदलतो. नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांच्या मिश्रणाने टोल्युइनाचे नायट्रीकरण बेंझिनाच्या सुमारे पंचवीस पट वेगाने होते, आणि येणारा नायट्रो गट शेजारच्या किंवा समोरच्या जागी बसतो; एक सोडून पलीकडची जागा त्याला शेकडा चार-पाच वेळाच लाभते. स्वतः अलिप्त राहणारा मिथिल वलयाकडे थोडे इलेक्ट्रॉन सारतो, एवढ्याने हे सारे घडते. ते नेमके कसे सारतो यावर १९३५ साली बेकर आणि नेथन यांनी जे निरीक्षण केले त्यातून अतिसंयुग्मनाची कल्पना निघाली. तिच्यावरील वाद पुष्कळ असून प्रस्तावनेत तो उघडण्याचे कारण नाही.

कार्बोनिल गटाशेजारी बसलेला मिथिल आपले हायड्रोजन सोडायला तयार होतो, हा त्याचा आणखी एक स्वभाव. महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने केलेली आयोडोफॉर्माची परीक्षा याच स्वभावावर आधारलेली आहे. असेटोनात आयोडिन आणि अल्क घातले की तीनही हायड्रोजनांच्या जागी आयोडिन येते, मग सबंध गटच तुटून पिवळे स्फटिक तळाशी बसतात, आणि जखमा बांधण्याच्या जुन्या खोलीचा तो उग्र वास टेबलावर पसरतो. याच सुटसुटीत हायड्रोजनाच्या बळावर कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी फ्लॅव्होनांच्या संश्लेषणाचा मार्ग काढला. तो आज बेकर आणि वेंकटरामन या दोघांच्या नावाने जगभर शिकविला जातो. वेंकटरामन पुढे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, हे मराठी वाचकाला ठाऊक असावे म्हणून येथे नमूद करतो.

ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांना जोडलेल्या मिथिलाची हकीकत औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांना विशेष रुचेल. अफूत मॉर्फिन आणि कोडीन अशी दोन द्रव्ये असतात. दोहोंत फरक एवढाच की मॉर्फिनाच्या एका हायड्रॉक्सिलावर मिथिल बसविला की कोडीन होते. तेवढ्याने वेदनाशामक शक्ती पुष्कळ उतरते, आणि जी उरते तिचाही मोठा भाग यकृताने तो मिथिल काढून पुन्हा मॉर्फिन बनविल्यामुळे मिळतो. ज्यांच्या यकृतात हे काम करणारे एंझाइम जन्मतःच दुबळे असते त्यांना कोडिनाचा फारसा उपयोग होत नाही. सॅलिसिलिक अम्लाचे पांढरे स्फटिक वासहीन असतात. त्याच्या अम्लगटावर मिथिल चढविला की ते पातळ, सुगंधी, कातडीत मुरणारे तेल होते, आणि मुरगळलेल्या पायावर चोळायच्या बहुतेक मलमांचा ओळखीचा वास तोच. चहा-कॉफीतील कॅफिनात तीन मिथिल असतात. त्यांतला एक कमी केला की, कोणता कमी केला त्यावर, कोकोतील थिओब्रोमिन किंवा दमेकऱ्याच्या छातीला आराम देणारे थिओफिलिन मिळते. तीनही काढले की उरणारे झँथिन माणसाला जागे ठेवीत नाही. आपले यकृतही सकाळच्या चहानंतर हेच करीत असते: एकेक मिथिल काढून टाकते.

वनस्पतिज द्रव्यांत असे मिथिल किती आहेत हे मोजण्याची युक्ती सायमन त्साइझेल याने १८८५ च्या सुमारास व्हिएन्नात काढली. पदार्थ हायड्रायोडिक अम्लाबरोबर उकळायचा. ऑक्सिजनावर बसलेला मिथिल सुटून मिथिल आयोडाइड बनतो, तो ४२ अंशांनाच उकळत असल्यामुळे वाफेच्या रूपाने निघतो. ती वाफ सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावात सोडायची. फिकट पिवळा सिल्व्हर आयोडाइड खाली बसला की गाळून, वाळवून, वजन करायचे. एका मिथॉक्सी गटाचे वजन ३१, आणि त्याच्याबद्दल मिळणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडाचे सुमारे २३५; म्हणजे मोजायची वस्तू साडेसात पट वाढवून तराजूत येते, आणि चूक त्या प्रमाणात लहान होते. त्साइझेल ज्या कोल्चिसिनावर काम करीत होता त्यात असे चार मिथॉक्सी गट आहेत. तेच कोल्चिसिन कोकणातल्या कुंपणांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत आढळते. भारतात या क्षेत्रातील ठळक नाव टी. आर. शेषाद्री यांचे. त्यांनी वॉल्टेअर आणि पुढे दिल्ली येथे फ्लॅव्होनांवर विपुल काम केले, आणि मिथिल ऑक्सिजनावर न बसता वलयाच्या कार्बनावर केव्हा बसतो याचा त्यांनी केलेला अभ्यास अजून संदर्भासाठी काढावा लागतो.

एवढे सारे झाल्यावर वाचकाच्या मनात साहजिकच येते की, वनस्पती आणि प्राणी हे मिथिल आणतात कोठून? या पुस्तकाचा अधिक भाग या प्रश्नाला वाहिलेला आहे. विल्हेल्म हिस याने १८८७ साली कुत्र्यांना पिरिडीन दिले आणि त्यांच्या मूत्रात पिरिडिनाच्या नायट्रोजनावर मिथिल बसलेले संयुग त्याला आढळले; प्राणिशरीर स्वतः मिथिल जोडू शकते याचा तो पहिला दाखला. त्या मिथिलाचा मूळ मालक कोण याचा छडा व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो याने लावला. मेथिओनिन नावाच्या अमिनो अम्लातील मिथिलाचे साधे हायड्रोजन काढून त्यांच्या जागी त्याने जड हायड्रोजन घातला, ते उंदरांना चारले, आणि कोलीन व क्रिएटिन या अगदी निराळ्या द्रव्यांत तो जड मिथिल जसाच्या तसा निघाला. मिथिल तुटून पुन्हा नव्याने बांधला गेला नव्हता. अखंड स्थितीत त्याची बदली झाली होती. मेथिओनिन आधी अडेनोसिनाशी जोडले जाऊन सक्रिय होते आणि मगच मिथिल देते, हे जूलिओ कांतोनी याने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. कॅफिन करणारे चहाचे झाड, कोल्चिसिन करणारी कळलावी आणि स्नायूंसाठी क्रिएटिन करणारे आपले यकृत, सर्वजण याच एका सक्रिय मेथिओनिनाच्या खजिन्यातून मिथिल घेतात.

मिथिल देऊन रिकामे झालेले मेथिओनिन पुन्हा भरावे लागते. ते काम फोलिक अम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ ही दोघे मिळून करतात, आणि येथे मिथिलाची कथा आपल्या घरापर्यंत येते. इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या एका प्राणघातक पांडुरोगाचा अभ्यास केला, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य पुढे फोलिक अम्ल म्हणून ओळखले गेले, आणि त्याचे संश्लेषण १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ज्या गटाने केले त्याचे प्रमुख आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच गटाच्या कामातून निघालेल्या अमिनॉप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट या दोन कर्करोगविरोधी औषधांत फरक नायट्रोजनावरील एका मिथिलाचा आहे. पहिले मागे पडले, दुसरे आजही संधिवातापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत रोज दिले जाते.

फोलिक अम्ल आपला मिथिल थेट मेथिओनिनाला देत नाही, मध्ये ब-१२ लागते. ते नसेल तर फोलेट मिथिल घेऊन अडकून पडते, ना देता येत ना टाकता येत. शाकाहारी भोजनात ब-१२ दुधाखेरीज जवळजवळ कोठेच नसल्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रात पुस्तकी नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांची जी दीर्घ पाहणी केली तीत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले, फोलेट मात्र बहुतेकींत पुरेसे होते. आणि ज्या मातांत फोलेट अधिक व ब-१२ कमी होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनाला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष गरोदरपणी फोलिक अम्लाच्या गोळ्या वाटणाऱ्या प्रत्येक योजनेच्या दप्तरी असावयास हवा, असे माझे मत आहे. गोळ्या बंद कराव्यात असा याचा अर्थ नव्हे. फोलिक अम्ल गर्भाच्या मज्जारज्जूला अत्यावश्यकच आहे. त्याबरोबर ब-१२ चा विचार व्हावा, एवढाच अर्थ.

शेवटी, आनुवंशिक द्रव्यातील मिथिल. आर.एन.ए. मधील युरॅसिलावर एक मिथिल चढविला की डी.एन.ए. मधील थायमिन होते. निसर्गाने हा जादा खर्च का केला याचे उत्तर असे की, डी.एन.ए. मधील सायटोसिन अधूनमधून आपोआप बिघडून युरॅसिल होत असते. अस्सल अक्षर मिथिलयुक्त असल्यामुळे बिनमिथिलाचे युरॅसिल दिसले की दुरुस्ती करणारी एंझाइमे ते खोटे म्हणून ओळखतात आणि काढून टाकतात. सायटोसिनावरही काही ठिकाणी मिथिल असतो. हॉचकिस याने १९४८ साली तो प्रथम दाखविला आणि १९७५ मध्ये त्याचा संबंध जनुके चालू-बंद ठेवण्याशी लावण्यात आला. हा मिथिल म्हणजे कचेरीतल्या कागदाच्या समासात मारलेला शेरा होय: मूळ मजकुराचे एक अक्षरही बदलत नाही, पण कागद पुढे सरकवायचा की बांधून ठेवायचा हे त्याच्यावरून ठरते, आणि नक्कल करणारा कारकून तो शेराही नकलेवर उतरवून घेतो. या व्यवस्थेत एक जोखीमही आहे. मिथिलयुक्त सायटोसिन बिघडले तर त्याचे थायमिन होते, जे डी.एन.ए. मध्ये अस्सल अक्षरच असल्यामुळे सहज पकडले जात नाही. माणसाच्या जनुकांतील पुष्कळ उत्परिवर्तने याच जागी होतात.

मिथिलाच्या माथी जे मारले जाते ते सर्व त्याचे नव्हे, हेही एका प्रकरणात मांडले आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री जो मिथिल आयसोसायनेट वायू सुटला त्याचे विष आयसोसायनेट भागाचे; मिथिलाचा वाटा एवढाच की इतका हलका गट जोडलेला असल्यामुळे तो द्रव ३९ अंशांनाच उकळतो आणि वाऱ्यावर जातो. मिनामाटाची गोष्ट मात्र निराळी. जपानमधील त्या उपसागरात कारखान्याने सोडलेल्या पाऱ्याने १९५६ साली जो रोग उघडकीस आला त्यात पाऱ्यावर मिथिल बसलेला होता, म्हणूनच तो माशांच्या आणि माणसांच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकला. आणि याच्या अगदी उलट, गोबरगॅसच्या टाकीत शेणावर जगणारे सूक्ष्मजीव गंधकावर बसलेल्या मिथिलाला निकेलयुक्त एंझाइमाच्या साह्याने एक हायड्रोजन देऊन मिथेन करतात. चुलीवरची निळी ज्योत त्या शेवटच्या टप्प्याचे फळ आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. पहिली चार प्रकरणे बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि त्यांत समीकरणे आहेत. ज्यांना समीकरणांचा कंटाळा आहे त्यांनी ती सोडून थेट पाचव्या प्रकरणापासून वाचावे, काही बिघडणार नाही. परिभाषेत जेथे मराठी संज्ञा रुळली आहे तेथे ती ठेवली आहे, जेथे नाही तेथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला आहे, आणि केवळ संस्कृत दिसावी म्हणून नवी संज्ञा घडविलेली नाही. शिक्षकांना एक विनंती आहे. त्साइझेलची पद्धत आता उपकरणांमुळे मागे पडली असली, तरी निदान एकदा विद्यार्थ्यांना करून दाखवावी. धूर ओढणारे कपाट चालू ठेवून, आणि मिथिल आयोडाइडाची वाफ श्वासात जाणार नाही याची पुरती खबरदारी घेऊन.